शिपायांचा देणेकरी : ऑगस्टस सीझर

आमच्या संगीतशाळेत तबल्याच्या वर्गाला येणाऱ्या एका मुलाने मला एकदा विचारले की, इंग्रजीत पगाराला जो शब्द आहे तो मिठावरून आला आणि रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मिळत असे, हे खरे काय? आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात. तेव्हा हे ऐकताच मनाला पटले आणि मी हो म्हणून मोकळा झालो. मागाहून मात्र रुखरुख लागली. शिकवणाऱ्याने न पाहिलेल्या गोष्टीला मान डोलावू नये, असे आमच्या घरचे वळण. म्हणून पुस्तके काढून बसलो आणि चूक माझ्या पदरात आली. त्या शब्दाच्या मुळाशी मीठ आहे हे खरे. पण रोमन शिपायाला मिठाची गोणी पगार म्हणून मिळे असे कोणाही प्राचीन ग्रंथकाराने लिहिलेले नाही. शिपायाचा पगार नाण्यांत मिळे आणि त्याला लॅटिनमध्ये स्टिपेंडियम म्हणत. शब्दांवर भरवसा ठेवायचा तर आपला पगार हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला आहे. म्हणून काही आपले पूर्वज पोर्तुगिजांच्या नोकरीत होते असे होत नाही.

ही चूक दुरुस्त करता करता एका माणसाच्या चरित्राशी येऊन थांबलो. त्याचे नाव ऑगस्टस सीझर. शाळेत असताना आपण त्याचे नाव रोमचा पहिला सम्राट म्हणून घोकतो. परंतु मला त्याचे चरित्र वेगळ्याच कारणासाठी जवळचे वाटले. माझे वडील दरबारी गवई होते. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा, त्यामुळे दरबारची नोकरी मी डोळ्यांनी पाहिली नाही. अण्णांच्या तोंडून ऐकली. बक्षिसी आणि पगार यांत किती अंतर आहे, हे अण्णा वारंवार सांगत. बक्षिसी धन्याच्या मर्जीवर असते, पगार आपल्या कामावर असतो. ऑगस्टसचे सबंध आयुष्य याच अंतरात गेले, असे मला दिसले. तो बक्षिशीच्या जोरावर वर चढला आणि पुढे पन्नास वर्षे त्या बक्षिशीचा पगार करण्याच्या खटपटीत राहिला.

त्याचा जन्म इ. स. पू. ६३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस रोममध्ये झाला. नाव गायस ऑक्टेव्हियस. घराणे वेलित्रे या गावचे, खाऊनपिऊन सुखी, पण मोठ्या सरदारांत मोडणारे नव्हे. पुढे त्याचे शत्रू त्याला हिणवीत की, याचा आजा सराफीच्या पेढीवर नाणी पारखीत बसत असे. बाप तो चार वर्षांचा असतानाच वारला. आई आतिया ही ज्यूलियस सीझरची भाची. मुलगा प्रकृतीने नाजूक. जन्मभर त्याला दुखण्यांनी सोडले नाही आणि थंडीत तो एकावर एक चार अंगरखे घालीत असे. हा माणूस शिपायांचा धनी होईल असे त्याच्याकडे पाहून कोणास वाटले नसते.

आता शिपायांच्या पगाराची त्या वेळची स्थिती सांगितली पाहिजे. परंपरा अशी की, वेई या शहराच्या वेढ्याच्या वेळी, म्हणजे इ. स. पू. ४०६ च्या सुमारास, रोमने आपल्या शिपायांना प्रथम पगार सुरू केला. त्यापूर्वी शेतकरी आपली हत्यारे घेऊन उन्हाळ्यापुरता लढायला जाई व पिकाला परत येई. पुढे लढाया समुद्रापार गेल्या, वर्षानुवर्षे चालू लागल्या आणि गरीब, जमीन नसलेला माणूस सैन्यात भरती होऊ लागला. ज्यूलियस सीझरने पगार दुप्पट केला. तो वर्षाला २२५ देनारियस झाला. देनारियस हे चांदीचे नाणे. आपल्या संस्कृत ग्रंथांतला दीनार हा शब्द त्यावरूनच आला, म्हणून मीही पुढे दीनारच म्हणतो. एका दीनाराचे तांब्याचे सोळा आस होत. म्हणजे शिपायाला रोजचे दहा आस पडत. एवढ्यात कोणाचे घर उभे राहत नसे. म्हणून शिपायाची खरी नजर लुटीवर, विजयानंतरच्या बक्षिशीवर आणि नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर असे. आणि या तिन्ही गोष्टी सरकारच्या हातून नव्हे, तर सेनापतीच्या हातून मिळत. सारे दुखणे येथे होते. ज्याच्या हातून जमीन मिळायची त्याच्यामागे शिपाई जाई. मग तो रोमवर चालून गेला तरी.

इ. स. पू. ४४ च्या मार्चच्या १५ तारखेस सीझरचा खून झाला. ऑक्टेव्हियस तेव्हा अठरा वर्षांचा. समुद्रापलीकडे अपोलोनिया येथे शिकत होता. सीझरने मृत्युपत्रात त्याला दत्तक घेऊन वारस केले होते. त्याच मृत्युपत्रात रोमच्या प्रत्येक नागरिकाला ७५ दीनार ठेवले होते. पैसा अँटनीच्या ताब्यात, तो देईना. या पोराने आपली मालमत्ता विकली, नातलगांकडून पैसा उभा केला आणि सीझरचे देणे फेडायला सुरुवात केली. लोकांच्या मनात बसला तो असा. अँटनीचा मात्र हिशेब चुकला.

त्यानंतर त्याने जे केले ते कायद्याला धरून मुळीच नव्हते. कंपानिया प्रांतात सीझरचे जुने शिपाई जमिनी घेऊन स्थायिक झाले होते. तो कालातिया आणि कासिलिनम या गावी गेला आणि माणशी ५०० दीनार रोख देऊन त्याने त्यांना पुन्हा उभे केले. ५०० दीनार म्हणजे दोन वर्षांहून जास्त पगार. त्याच सुमारास ब्रुंदिसियमच्या बंदरावर अँटनीने आपल्या पलटणींना माणशी १०० दीनार देऊ केले. शिपाई हसले. अँटनीने संतापून कित्येक सेंचुरियन, म्हणजे शंभरएक शिपायांवरचे अंमलदार, ठार करवले. दोन पलटणी उठून ऑक्टेव्हियनकडे गेल्या. दत्तकानंतरचे त्याचे हे नाव इतिहासात रूढ आहे. त्याने त्यांना ५०० रोख दिले आणि विजयानंतर ५,००० देण्याचे वचन दिले. ५,००० म्हणजे बावीस वर्षांचा पगार एका बोलावर! एकोणीस वर्षांच्या मुलाने हा बोल लावला आणि तेव्हापासून तो शिपायांचा देणेकरी झाला.

पुढच्या वर्षी मुतिना येथे अँटनीचा पराभव झाला. पण दोन्ही कॉन्सल लढाईत कामास आले. सिनेटला वाटले की आता या पोराची गरज राहिली नाही. शिपायांना कबूल केलेल्या रकमेत काटछाट झाली, ती वाटण्यासाठी जी मंडळी नेमली तीत ऑक्टेव्हियनचे नाव घातले नाही. सिनेटच्या वृद्ध सभासदांनी येथे मोठीच चूक केली. कपात झाली शिपायाच्या पोटात आणि दोष आला सिनेटच्या माथी. पलटणीचे सेंचुरियन सिनेटमध्ये आले आणि आपल्या सेनापतीला कॉन्सल करा म्हणाले. सिनेट घोटाळली, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने अंगरखा बाजूला सारून तलवारीची मूठ दाखवली. आठ पलटणी रोमवर चालून आल्या. इ. स. पू. ४३ च्या ऑगस्टच्या १९ तारखेस, वयाला वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, ऑक्टेव्हियन कॉन्सल झाला आणि सरकारी खजिन्यातून शिपायांना माणशी २,५०० दीनार वाटले गेले. निम्मे देणे फिटले, निम्मे राहिले.

राहिलेले देणे फेडायला त्याने अँटनी व लेपिडस यांच्याशी तह केला आणि तिघांनी मिळून माणसांच्या याद्या लावल्या. ज्याचे नाव यादीत, त्याचा प्राण गेला व मालमत्ता जप्त झाली. ज्या सिसेरोने सिनेटमध्ये या तरुणाची बाजू उचलून धरली होती, त्याचेही नाव यादीत होते; ७ डिसेंबरला त्याचे मुंडके उडवले गेले. चरित्रकार या प्रकरणावर पांघरूण घालण्याचा प्रयत्न करतात, पण ते घालता येण्याजोगे नाही. सीझरचा सूड हे कारण होतेच. तरी पुष्कळसे रक्त शिपायांच्या थकबाकीपोटी सांडले.

इ. स. पू. ४२ मध्ये फिलिपी येथे सीझरचे मारेकरी हरले. अँटनी पूर्वेकडे पैसा गोळा करायला गेला आणि शिपायांना जमिनी देण्याचे कटकटीचे काम ऑक्टेव्हियनच्या गळ्यात पडले. इटलीतील अठरा शहरांच्या जमिनी यासाठी ठरल्या होत्या. ज्यांचा काही अपराध नाही असे शेतकरी बायकामुलांसह रोमच्या रस्त्यावर आले. होरेसने बापाची जमीन गमावली, प्रोपर्टियसच्या घराण्याची गेली, व्हर्जिलच्या मान्तुआच्या शिवारावरही हा नांगर फिरला. लॅटिन काव्याचे तीन मोठे कवी एका पगारवाटपात बेघर व्हावेत, हे वाचून मन खिन्न होते. इकडे जमीन गेलेले शिव्या देत होते, तिकडे शिपाई उशीर झाला म्हणून गुरगुरत होते.

या दिवसांतली एक हकिकत आप्पियन या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. जमिनीच्या वाटणीसाठी शिपाई रोमजवळच्या मोठ्या मैदानावर पहाटेपासून जमले होते. ऑक्टेव्हियनला यायला उशीर झाला. शिपाई बोलू लागले. नोनियस नावाच्या सेंचुरियनने त्यांना दटावले. त्यांनी त्याला आधी टोमणे, मग दगड मारले. तो नदीत उडी टाकून पळू लागला, तर त्याला बाहेर ओढून ठार केले आणि प्रेत सेनापतीच्या वाटेवर टाकले. मित्रांनी ऑक्टेव्हियनला जाऊ नको म्हणून विनवले. तो गेला. प्रेत पाहून वाटेतून बाजूला वळला, शिपायांना थोडे समजावले आणि ठरलेल्या जमिनी व बक्षिसे वाटली. शिक्षा कोणालाही केली नाही. करता आलीच नसती. या तरुण धन्याला त्या दिवशी कळले असावे की, ज्याचे देणे आहे त्याच्यावर हुकूम चालत नाही.

इ. स. पू. ३६ मध्ये सिसिलीत विजय मिळाल्यावर पुन्हा तेच. शिपाई म्हणू लागले, फिलिपीच्या शिपायांना मिळाले तेवढे आम्हाला द्या किंवा घरी जाऊ द्या. ऑक्टेव्हियनने पलटणींना मानाचे मुकुट आणि अंमलदारांना जांभळ्या किनारीची वस्त्रे देऊ केली. तेव्हा ओफिलियस नावाचा एक अंमलदार भर सभेत ओरडला की, मुकुट आणि रंगीत कपडे ही पोरांची खेळणी आहेत. शिपायाला जमीन आणि पैसा लागतो. शिपायांनी गजर केला. दुसऱ्या दिवशी ओफिलियस नाहीसा झाला. त्याचे काय झाले ते पुढे कधीच कळले नाही. पण ऑक्टेव्हियनने जुन्या शिपायांना मोकळे केले आणि उरलेल्यांना माणशी ५०० दीनार दिले.

हे वाचताना मला आमच्या घरातली लाकडी पेटी आठवली. तिच्यात अण्णांना दरबारी जलशात मिळालेला एक जरीकाठी शेला होता. तो मिळाला त्या साली कचेरीकडून चार महिन्यांचा पगार थकला होता. हिशेबनीस आज या, उद्या या म्हणत. आई वाण्याकडून उधारीने जिन्नस आणी. अण्णा शेला खांद्यावर घेऊन मैफलीला बसत आणि श्रोते वाहवा करीत. शेला विकता येत नव्हता, कारण तो मान होता. आणि मानाने डाळतांदूळ येत नव्हते. अण्णा हे हसत सांगत, पण ओफिलियसची गोष्ट त्यांना सांगितली असती तर ते हसले नसते.

इ. स. पू. ३१ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी व क्लिओपात्रा यांचा पराभव झाला. तरीही, सुटी मिळालेल्या शिपायांनी बक्षिशीसाठी दंगा केला म्हणून त्याला ऐन हिवाळ्यात समुद्र ओलांडून ब्रुंदिसियमला यावे लागले. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला अलेक्झांड्रिया पडली आणि इजिप्तचा खजिना हाती आला. तेव्हा कुठे त्याचे देणे फिटले. एवढा पैसा रोममध्ये आला की व्याजाचा दर शेकडा बारावरून चारावर उतरला. या वेळी त्याने जमिनी हिसकावल्या नाहीत, विकत घेतल्या. इ. स. पू. ३० आणि १४ या दोन साली मिळून इटलीतील जमिनींसाठी १५ कोटी दीनार आणि बाहेरच्या प्रांतांतील जमिनींसाठी साडेसहा कोटी दीनार त्याने मोजले. शिपायांसाठी जमिनीचे पैसे देणारे आपण पहिलेच, असा अभिमान त्याने स्वतःच्या कारकिर्दीच्या वृत्तांतात नमूद केला आहे. अंकाराच्या देवळाच्या भिंतींवर तो वृत्तांत आजही कोरलेला आहे. एवढ्या मोठ्या बादशहाचे आत्मवृत्त, पण वाचताना पुष्कळ ठिकाणी जमाखर्चाची वही वाचल्यासारखे वाटते.

इजिप्त हाती आल्यावर हिंदुस्थानशी व्यापारही वाढला. ऑगस्टसच्या दरबारी हिंदुस्थानातून वकील गेले होते. त्यांच्याबरोबर भडोचचा, म्हणजे आपल्या बडोद्याहून दक्षिणेला थोड्याच अंतरावरचा, एक श्रमण होता आणि त्याने अथेन्समध्ये स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले, असे स्ट्राबोने लिहिले आहे. ऑगस्टसने आपल्या नातवांच्या, गायस व ल्यूसियस यांच्या, चित्रांचे चांदीचे दीनार पाडले. तसे दीनार हिंदुस्थानच्या जमिनीत, विशेषतः दक्षिणेत, पुष्कळ सापडले आहेत. ऱ्हाइनच्या काठचा शिपाई जे नाणे मोजून घेई, त्याच जातीचे नाणे आपल्या व्यापाऱ्याच्या कसोटीच्या दगडावर घासले जात होते.

इ. स. पू. २७ मध्ये त्याला ऑगस्टस ही पदवी मिळाली. यादवी संपल्यावर त्याने एक बारीकशी गोष्ट केली. लढायांच्या दिवसांत सेनापती शिपायांना सोबती म्हणून हाक मारीत. ऑगस्टसने ते बंद केले. तो त्यांना नुसते शिपाई म्हणू लागला आणि घरच्या राजपुत्रांनाही त्याने तसेच करायला लावले. गरज असताना सोबती आणि गरज सरल्यावर शिपाई, असे कोणी म्हणेल. पण त्यात दुसरेही काही होते. सोबत्याला बक्षिसी देतात, शिपायाला पगार. त्याला सैन्य आता पगारावर आणायचे होते.

इ. स. पू. १३ मध्ये त्याने नोकरीची मुदत ठरवली : पलटणीतल्या शिपायाला सोळा वर्षे, रोममधल्या पहाऱ्याच्या तुकड्यांना बारा. शेवटी जमिनीऐवजी रोख रक्कम मिळावी असे ठरले. इ. स. ५ मध्ये मुदती वाढून वीस व सोळा वर्षे झाल्या आणि रकमा नक्की झाल्या : पलटणीच्या शिपायाला ३,००० दीनार, पहारेकऱ्याला ५,०००. तीन हजार म्हणजे तेरा वर्षांचा पगार. ही रक्कम यायची कोठून? आधी तो पदरचे घालीत होता, इ. स. पू. ७ ते २ या काळात सुटलेल्या शिपायांना त्याने दहा कोटी दीनार दिले. पण एका माणसाची पिशवी किती दिवस पुरणार? इ. स. ६ मध्ये त्याने सैन्यासाठी स्वतंत्र खजिना काढला, त्यात स्वतःचे ४ कोटी २५ लाख दीनार घातले आणि पुढच्या भरण्यासाठी दोन कर बसवले : वारशावर शेकडा पाच आणि लिलावाच्या विक्रीवर शेकडा एक. जवळचे नातलग व गरीब यांना वारसाकरातून सूट होती.

श्रीमंतांना वारसाकर फार झोंबला. त्यांची कुरकुर वाढली तेव्हा, इ. स. १३ मध्ये, म्हाताऱ्या ऑगस्टसने सिनेटला सांगितले की, तुम्हीच दुसरा उपाय सुचवा. कोणालाही सुचेना. मग त्याने माणसे पाठवून जमिनींची आणि घरांची मोजणी सुरू केली. करणार काय ते मात्र सांगितले नाही. जमीनमहसूल बसतो की काय या धास्तीने सगळे गप्प झाले आणि जुना कर पत्करला. सराफाच्या नातवाला माणसाची नाडी बरोबर सापडली होती.

वाचकांना वाटेल की येथे गोष्ट गोड झाली. पण पगार ठरणे वेगळे आणि तो हातात पडणे वेगळे. पगार वर्षातून तीनदा मिळे : जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस, दर वेळी ७५ दीनार. वाटप मोठ्या थाटाने होई. पुढे इ. स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात टायटसने पगार वाटला, तेव्हा शिपाई झगझगीत चिलखते घालून एकेक करून पैसे घेत होते आणि वाटपाला चार दिवस लागले. तो थाट पाहून शत्रूच्या छातीत धडकी भरली म्हणतात. त्या थाटामागे काय होते ते मात्र कागद सांगतात. मसादा या गडावर गायस मेसियस नावाच्या शिपायाची त्याच सुमाराची पगारपावती सापडली आहे. पगार ५० दीनार. त्यातून जवाचे १६, खाण्याचे २०, बुटांचे ५, चामड्याच्या पट्ट्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७. बेरीज करून पाहा; ५० येते. इजिप्तमधल्या, इ. स. ८१ च्या दुसऱ्या कागदात खाणे, बूट, कपडे यांबरोबर छावणीच्या सणाची वर्गणीसुद्धा पगारातून कापलेली आहे.

आमच्या धंद्याची माणसेही त्या सैन्यात होती. तुतारी आणि शिंग फुंकणारे पलटणीचे वाजंत्री. आजच्या अल्जीरियात लांबेसिस येथे इ. स. २०३ चा एक शिलालेख आहे. त्यात शिंगवाल्यांनी आपसात काढलेल्या मंडळाचे नियम कोरले आहेत. आत येताना ७५० दीनार भरायचे; नोकरी सुटली की ५०० मिळायचे, मेला तर वारसाला ५००. सरकारी खजिना उघडून दोनशे वर्षे होत आली होती, तरी वाजंत्र्यांना आपली भिशी आपणच चालवावी लागत होती.

ऑगस्टसच्या योजनेचा कच्चा दुवा त्याच्या हयातीतच दिसू लागला. इ. स. ६ ते ९ पानोनियात मोठे बंड झाले आणि इ. स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात व्हारुसच्या तीन पलटणी कापल्या गेल्या. अठ्ठावीसांच्या पंचवीस झाल्या. त्या तीन पुन्हा उभारल्या नाहीत. भरतीला माणसे मिळेनात. मग सोपी युक्ती झाली : मुदत भरलेल्यांना सोडायचेच नाही. म्हातारा शिपाई जितका काळ छावणीत राहील तितका काळ ३,००० दीनार खजिन्यात राहतात. आणि तो मेला, तर द्यावेच लागत नाहीत.

इ. स. १४ च्या ऑगस्टच्या १९ तारखेस, ज्या तारखेला तो प्रथम कॉन्सल झाला होता त्याच तारखेला, नोला येथे, बाप जिथे वारला त्याच खोलीत, ऑगस्टस मरण पावला. वय पंचाहत्तर. आयुष्याचे नाटक नीट वठवले ना, असे त्याने शेवटी मित्रांना विचारले म्हणतात. मृत्युपत्रात पहारेकऱ्यांना माणशी २५० दीनार आणि पलटणीच्या प्रत्येक शिपायाला ७५ दीनार ठेवले होते. ७५ दीनार म्हणजे पगाराचा नेमका एक हप्ता. आणि सत्तावन्न वर्षांपूर्वी सीझरने रोमच्या नागरिकाला ठेवलेली रक्कमही तीच होती.

बातमी छावण्यांत पोचली आणि पानोनियातल्या तीन पलटणी उठल्या. त्यांचा पुढारी पर्सेनियस हा पूर्वी नाटकगृहात टाळ्या वाजवणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता. जमाव कसा हलवावा हे त्याला ठाऊक. त्याचे गाऱ्हाणे टॅसिटसने नोंदले आहे. रोजचे दहा आस. त्यातून कपडे, हत्यारे, तंबू, आणि सेंचुरियनने छळू नये म्हणून त्याला लाच. तीस-चाळीस वर्षे नोकरी आणि शेवटी जमीन म्हणून दलदल नाही तर खडकाळ टेकडी. मागणी एवढीच की, रोजचा एक दीनार द्या आणि सोळा वर्षांनी सोडा. तिकडे ऱ्हाइनवरच्या शिपायांनी जर्मानिकसचा हात मुका घेण्यासाठी म्हणून धरला आणि त्याची बोटे आपल्या तोंडात घातली, दात उरले नाहीत हे कळावे म्हणून. इतिहासात मी पुष्कळ अर्ज वाचले, पण असा अर्ज दुसरा वाचला नाही.

पानोनियात ग्रहण लागले. चंद्र काळवंडला तसे शिपाई आपल्याकडच्यासारखीच भांडी बडवू लागले, तुताऱ्या फुंकू लागले. तरी चंद्र ढगाआड गेला, तेव्हा देव कोपला समजून त्यांचा धीर सुटला. पुढाऱ्यांना मारले. सोळा वर्षांची कबुली पुढच्या वर्षी परत घेतली गेली. वर्षाचे २२५ दीनार मात्र तसेच राहिले. त्यात पहिली वाढ डोमिशियनने इ. स. ८३-८४ च्या सुमारास केली, ३०० दीनारांपर्यंत. आणि बक्षिशीची आठवण काही पुसली गेली नाही. इ. स. १९३ मध्ये रोमच्या पहारेकऱ्यांनी साम्राज्याचाच लिलाव मांडला आणि डिडियस ज्यूलियानसने माणशी ६,२५० दीनार बोलून तो घेतला. एकोणीस वर्षांच्या मुलाने दाखवलेली वाट शिपाई विसरले नव्हते.

मग ऑगस्टसला काय म्हणावे? मला त्याला नुसता धूर्त म्हणवत नाही. शिपायाला म्हातारपणी काय मिळेल हे सेनापतीच्या मर्जीवर नसावे, कायद्यात असावे आणि त्याचा पैसा श्रीमंताच्या वारशातून यावा, हा विचार त्याने दोन हजार वर्षांपूर्वी अमलात आणला. मोठी गोष्ट आहे. पण ठरवलेले वेळेवर द्यायचे असते. मुदत भरलेल्या माणसाला ताटकळत ठेवले की पगाराची पुन्हा मेहेरबानी होते.

बडोदे संस्थान १९४९ साली विलीन झाले. त्यानंतर अण्णांना एक लहानशी नेमणूक मिळत राहिली. रक्कम फारच थोडी. पण ती ज्या दिवशी यायची त्या दिवशी येई. अण्णा ती मोजून घेत, आईच्या हातात देत आणि तानपुरा लावून बसत. त्या दिवशीचा षड्ज वेगळा लागे, असे आई म्हणायची. पेटीतला शेला काढून त्यांनी कधी दाखवला नाही. तो मला त्यांच्या मागे सापडला.

तबल्याच्या त्या मुलाला मी पुढच्या तासाला माझी चूक सांगितली. शिपायांना मीठ पगार म्हणून मिळत नव्हते. खाण्याचे म्हणून जे पैसे कापले जात, त्यातच मिठाचीही किंमत धरली असणार.